‘ट्रेनी’ म्हणून घेतलंय म्हणजे नेमकं काय केलंय?

“मामा, सिलेक्शन झालं. चाकणला. बारा हजार देणार आहेत, ट्रेनी म्हणून.”

भाच्याने पत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. अर्ध्या पानाचं पत्र. वर नाव कंपनीचं नव्हतं, कुठल्याशा ठेकेदाराचं होतं. ‘ट्रेनी’ हा शब्द चार वेळा आला होता. शिकवणार काय, शिकवणार कोण आणि शेवटी हातात कोणता कागद देणार, याबद्दल एक ओळ नव्हती. मला खटकलं. पण तोवर ताईने आळीत पेढे वाटले होते, म्हणून गप्प बसलो. चूक झाली.

पोराने आयटीआयला दोन वर्षं फिटरचा ट्रेड केलेला. चाकणला अकरा महिने त्याने खोके पॅक केले. बारा तासांची शिफ्ट, महिन्यातून दोन सुट्ट्या, कानशीला एकदाही हात लागला नाही. अकरावा महिना भरला तसा ठेकेदाराने ‘ब्रेक’ दिला आणि त्याच जागी दुसरा पोरगा उभा केला. पुढच्या मुलाखतीत विचारलं, अनुभव काय? सांगणार काय, सेलोटेप?

मी स्वतः भोसरीच्या मशीन शॉपमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, तरी ट्रेनी, अप्रेंटिस, इंटर्न, प्रशिक्षणार्थी या शब्दांमागे कायद्याने काय काय दडलंय हे मी त्या प्रकरणानंतर पहिल्यांदा नीट वाचलं. घरात दहावी, बारावी, आयटीआय, डिप्लोमा किंवा नुकतंच ग्रॅज्युएट झालेलं कोणी असेल, तर हे माहीत असलेलं बरं.

अडचण सगळ्यांना ठाऊक आहे. अनुभवाशिवाय नोकरी नाही, नोकरीशिवाय अनुभव नाही. पोहता आल्याशिवाय विहिरीत उतरायचं नाही, असं सांगण्यातला प्रकार. आपल्याकडे यावर जुना उतारा होता, त्याचं नाव उमेदवारी. आता हा शब्द निवडणुकीपुरता उरलाय, पण आजोबांच्या पिढीत पोरगा वकिलाकडे, छापखान्यात किंवा सोनाराच्या पेढीवर ‘उमेदवारी करायचा’. उमेद हा शब्द फारसीतून आलेला. आशेवर राबणारा तो उमेदवार. आधी झाडलोट, मग हत्यारं पुसणं, मग कधीतरी मालकाची मर्जी झाली तर हातात काम. चांगला माणूस भेटला तर पोरगा मार्गी लागायचा, नाहीतर झाडलोटच करत राहायचा. लिहून काहीच नसायचं.

देशात 1961 साली शिकाऊ उमेदवारांचा, म्हणजे अप्रेंटिसचा, कायदा आला तो हे लिहून घेण्यासाठी. त्याकडे येतोच, पण त्याआधी एक साधा प्रश्न. वर्कशॉपमध्ये असं काय शिकायला मिळतं, जे आयटीआयच्या वर्गात मिळत नाही?

आमच्या शॉपमध्ये एक नवा अप्रेंटिस आला होता. हुशार पोरगा, मायक्रोमीटर वाचता येत होता, मार्कही चांगले. लेथवरून उतरलेले शाफ्ट मापायचं काम त्याला दिलं. माप 25 मिलिमीटर, त्यात कमी चाललं तर वीस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), जास्त अजिबात नाही. तासाभरात त्याने ढीगभर जॉब, म्हणजे तेच शाफ्ट, बाद करून लाल ट्रेमध्ये टाकले. शेजारच्या मशीनवरचे काका आले, एक शाफ्ट उचलला, आणि दुसऱ्या हाताने पोराच्या मनगटाचा जोर बघितला.

“नळ बंद करतोयस का रे? हा आवळायचा नसतो. मागचं रॅचेट फिरव, टिकटिक झाली की थांब.”

पोरगा मायक्रोमीटर शिकंज्यासारखा आवळत होता, म्हणून चांगले जॉब कमी भरत होते. तो सुधारला. मग दुपारी उलटं झालं, काही जॉब जास्त भरायला लागले. काकांनी त्यातला एक त्याच्या तळहातावर ठेवला. गरम होता. मशीनवरून उतरल्या उतरल्या मापत होता तो. पंचवीस मिलिमीटरचं पोलाद पस्तीस-चाळीस अंशांनी तापलं की साधारण दहा मायक्रॉन फुगतं. म्हणजे सूट वीसची आणि त्यातली अर्धी नुसत्या गरमीने खाल्लेली. “त्याला गार होऊ दे, तोवर तूही चहा घेऊन ये,” काका म्हणाले.

धातू तापला की प्रसरण पावतो हे त्या पोराने सातवी-आठवीत पाठ केलेलं होतं. पण दुपारी दोन वाजता, ट्रेमध्ये जॉब साठत असताना, ते आठवणं वेगळं. याला आमच्यात ‘हात बसणं’ म्हणतात. हात बसायला तीन गोष्टी लागतात: खरं काम, चुकायची मुभा आणि शेजारी उभा राहून चूक दाखवणारा माणूस. भाच्याला यातली एकही मिळाली नव्हती.

आता कंपनीच्या बाजूने बघू, कारण ती बाजू समजली नाही तर बाकीचं समजत नाही. नवा पोरगा घेतला की सुरुवातीचे काही महिने कंपनीला तो तोट्यातच पडतो. तो बाद करतो ते जॉब, त्याच्यामुळे थांबलेली मशीन, आणि त्याला शिकवताना काकांचं बुडलेलं काम. पुढे त्याचा हात बसतो तसा तो पगाराच्या मानाने जास्त काम द्यायला लागतो आणि हिशेब फिटतो. पण तोवर तो टिकला तर! आपण वर्षभर शिकवायचं आणि शेजारच्या प्लॉटवरच्या कंपनीने दोन हजार जास्त देऊन न्यायचं, ही प्रत्येक लघुउद्योजकाची तक्रार असते आणि ती खोटी नाही. मग सगळेच म्हणतात, आम्हाला तयार माणूस द्या. तयार करायचा कोणी, यावर कोणी बोलत नाही.

म्हणून कायद्याने दोन गोष्टी केल्या. एक, मोठ्यांना सक्ती. 2019 च्या नियमांनुसार तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि या मोजणीत कंत्राटी कामगारही धरतात. चार ते एकोणतीस माणसं असतील तर मर्जीवर. दुसरी गोष्ट, सरकारने खर्चात वाटा उचलला. 2016 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेत (कागदपत्रांत तिचं नाव ‘नॅप्स’) विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना जास्तीत जास्त 1500 रुपये, केंद्र देतं. आधी ते कंपनीला परत मिळायचे, 2023 पासून थेट उमेदवाराच्या खात्यात येतात. डिप्लोमा आणि पदवीधरांसाठी ‘नॅट्स’ ही वेगळी योजना आहे. तिथे किमान विद्यावेतनाचा निम्मा भार सरकारचा, आणि महाराष्ट्र-गोव्याचा कारभार मुंबईत सायनजवळच्या शिकाऊ उमेदवारी मंडळाकडे.

विद्यावेतन म्हणजे स्टायपेंड. त्याला पगार म्हणत नाहीत, आणि हा फरक नुसता शब्दांचा नाही. 2019 च्या नियमांत किमान आकडे असे ठरले: पाचवी ते नववी 5000 रुपये, दहावी 6000, बारावी किंवा आयटीआय 7000, डिप्लोमा 8000, पदवीधर 9000. दुसऱ्या वर्षी दहा टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी पंधरा. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे आकडे 36 टक्क्यांनी वाढवून 6800 ते 12300 रुपये करण्याची शिफारस केली. तेव्हा अर्ज भरताना त्या दिवशी लागू असलेला आकडा सरकारच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर बघून घ्या. हा किमान आकडा आहे, कंपनीला जास्त द्यायला कोणी अडवलेलं नाही. स्टेट बँकेने 2023 मध्ये अप्रेंटिसच्या 6160 जागा काढल्या तेव्हा महिना 15000 जाहीर केले होते. आणि हो, अप्रेंटिस म्हटलं की फक्त फिटर-टर्नर-वेल्डर असं आता राहिलं नाही. बँक, हॉटेल, गोदाम, दुकान, कॉल सेंटर, सगळीकडे हा मार्ग आहे.

कायद्याचं अठरावं कलम सगळ्यांनी वाचावं असं आहे. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत, असं ते सांगतं. एका वाक्यात दार उघडलं आणि त्याच वाक्यात कडी निघाली. दार उघडलं, कारण ‘उद्या हा कायम करा म्हणून कोर्टात जाईल’ ही भीती नसल्याने कंपनी कोऱ्या पोराला घ्यायला तयार होते. कडी निघाली, कारण कामगाराला मिळणारं संरक्षण त्याला नाही. पीएफ नाही, ईएसआय नाही.

पण हे दिलं त्याच्या बदल्यात कायद्याने कंपनीलाही बांधलंय, आणि हे अर्ध्या सुपरवायझरांना माहीत नसतं. शिकाऊ उमेदवाराला नगावर पैसे द्यायचे नाहीत. उत्पादनाच्या बोनसच्या स्पर्धेत त्याला ओढायचं नाही. सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम नाही, आणि मंजुरी मिळते तीही तो ओव्हरटाइम शिकण्याच्या किंवा सार्वजनिक हिताचा असेल तरच. प्रशिक्षणाशी संबंध नसलेलं काम दिलं तर दंड आहे. कारखान्यातली सुरक्षा त्याला कामगाराइतकीच लागू, आणि कामावर अपघात झाला तर भरपाई कामगार भरपाईच्या कायद्याप्रमाणे. थोडक्यात, तू याला कामगार म्हणत नाहीस ना, मग कामगारासारखा वापरूही नकोस, असा हा सौदा आहे.

भाच्याच्या बाबतीत काय झालं ते आता लक्षात येईल. त्याला ‘ट्रेनी’ म्हटलं, पण या कायद्याखाली त्याची नोंदच केली नव्हती. सौद्यातली मालकाच्या सोयीची अर्धी बाजू तेवढी उचलली आणि दुसरी अर्धी फेकून दिली. ‘ट्रेनी’ हा शब्द कोणीही कोणाच्याही पत्रावर छापू शकतो. ‘शिकाऊ उमेदवार’ व्हायला मात्र करार लागतो, आणि तो सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो.

नोंदणीचा फायदा शेवटी दिसतो. ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेली मुदत, आणि शेवटी परीक्षा. फिटर, इलेक्ट्रिशियन, मोटार मेकॅनिक अशा अधिसूचित ट्रेडना अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा असते आणि पास झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. हा कागद भोसरीतही चालतो आणि भुसावळातही. कंपनीच्या लेटरहेडवरचं ‘मुलगा सज्जन व होतकरू आहे’ हे प्रमाणपत्र घरी फ्रेम करायला ठीक.

मग नोकरी? मिळेलच असं कायदा म्हणत नाही. 2014 च्या दुरुस्तीनंतर शिकून झालेल्या उमेदवारांना घेण्याचं धोरण प्रत्येक मालकाने स्वतः ठरवायचं आहे, इतकंच. यातली एक गंमत बघा. ‘शिकून झाल्यावर इतकी वर्षं आमच्याकडेच काम करावं लागेल’ अशी अट कंपनीने करारात घातली, तर कायद्याने ती दोन्हीकडून बांधते. पोराला थांबावं लागतं तसं कंपनीलाही त्याला योग्य नोकरी द्यावी लागते. फक्त पोराच्या गळ्यात बाँड घालणाऱ्यांना हे कलम दाखवून बघा.

सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली उत्तर प्रदेशच्या एसटी महामंडळाच्या खटल्यात एक मधला रस्ता सांगितला. बाकी सगळं सारखं असेल तर थेट आलेल्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावं, आणि त्याला वयातही सवलत मिळावी. प्राधान्य म्हणजे हक्क नव्हे. हाच सल लोकांना टोचतो. 20 मार्च 2018 ची सकाळ मुंबईकरांना आठवत असेल. रेल्वेत अप्रेंटिस केलेली शेकडो मुलं माटुंगा आणि दादरच्या मध्ये रुळांवर बसली आणि ऐन गर्दीच्या वेळी मध्य रेल्वे तीन तासांहून जास्त ठप्प झाली. रेल्वेने खालच्या श्रेणीतल्या भरतीत अशा मुलांसाठी वीस टक्के जागा राखल्या होत्या. मुलांचं म्हणणं, वीस टक्के कशाला, शिकवलंत तर सगळ्यांना घ्या.

त्या दिवशी लोकलमध्ये अडकलेले शिव्या घालत होते, आणि मला दोन्ही बाजू खऱ्या वाटत होत्या. रेल्वेच्या दृष्टीने तो शिक्षणाचा भाग होता. मुलांच्या दृष्टीने वर्षभर वर्कशॉपमध्ये तेच ग्रीस, तेच बोल्ट, तेच डबे, मग आपण परके कसे? मध्य रेल्वे आजही दरवर्षी मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर आणि सोलापूर विभागांसाठी जागा काढते. 2024 मध्ये 2424 होत्या. लेखी परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर यादी लागते. जरूर भरा. पण ‘रेल्वेत लागला’ असं सांगून लगेच पोराचं लग्न जमवू नका.

महाराष्ट्रात 2024 पासून यात आणखी एक शब्द मिसळला: मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. वर्तमानपत्रांनी तिचं नाव ‘लाडका भाऊ’ ठेवलं. 9 जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे 18 ते 35 वयाच्या तरुणांना बारावीला महिना 6000, आयटीआय किंवा डिप्लोमाला 8000 आणि पदवीधराला 10000 रुपये विद्यावेतन, तेही थेट खात्यात, पैसे राज्य सरकारचे. मुदत आधी सहा महिने होती, 2025 मध्ये ती अकरा झाली. नोंदणी महास्वयं पोर्टलवर. शाळा, ग्रामपंचायती, तहसील कचेऱ्या आणि खासगी आस्थापनांतही मुलं लागली.

ही योजना 1961 च्या कायद्यातली अप्रेंटिसशिप नव्हे, आणि बरेच जण इथेच फसतात. इथे ट्रेडची परीक्षा नाही, राष्ट्रीय प्रमाणपत्र नाही. मिळतो तो कामाच्या जागी वावरण्याचा अनुभव आणि प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला. गावातल्या मुलीला पहिल्यांदा कचेरीत खुर्ची मिळाली, टपाल नोंदवणं, ऑनलाइन दाखले काढणं, चार माणसांशी बोलणं जमायला लागलं, हे कमी नाही. पण मुदत संपल्यावर ‘आम्हाला कायम करा’ म्हणून आंदोलनं झाली, ती होणारच होती. कचेरीतली रिकामी जागा आणि प्रशिक्षणार्थी यांची गाठ घालून दिली की प्रशिक्षणार्थ्याला ती जागा आपली वाटणार. यात त्याचं काय चुकलं?

केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणखी निराळी. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली तेव्हा ती 21 ते 24 वयासाठी, देशातल्या आघाडीच्या 500 कंपन्यांत, बारा महिन्यांची होती. महिना 5000 आणि एकदाच 6000 रुपये. हिच्यावर जास्त शब्द खर्च करत नाही. मोठ्या कंपनीचं नाव बायोडेटात हवं असेल आणि घरून वर्षभर मदत होणार असेल तर विचार करा, पाच हजारांत पुण्यात कॉटसुद्धा अवघड आहे.

आणि पैशांचा हा मुद्दा लोक बोलत नाहीत म्हणून बोलतो. शिराळ्याच्या किंवा किनवटच्या पोराला सात हजारांत चाकण परवडत नाही. खोलीभाडं, मेस आणि बस गेली की घरूनच पैसे मागवावे लागतात. म्हणून तोच पोरगा अप्रेंटिसशिप सोडून ठेकेदाराच्या बारा हजारांकडे जातो. त्याला मूर्ख म्हणायचं धाडस माझ्यात नाही. शक्य असेल तर घराजवळचा एसटी डेपो किंवा विभागीय कार्यशाळा, महावितरण, साखर कारखाना, जवळची एमआयडीसी इथे आधी बघा. विद्यावेतन तेवढंच, पण जेवण घरचं.

पत्र हातात आलं की मी आता काय बघतो ते सांगतो. करार कोणाशी आहे, कंपनीशी की ठेकेदाराशी? ट्रेडचं नाव लिहिलंय का? पोर्टलवर करार नोंदवून त्याचा क्रमांक देणार का? क्रमांक असेल तर बरेचसे प्रश्न तिथेच मिटतात. नसेल तर ते पत्र नोकरीचं समजा आणि नोकरीच्या हिशेबाने तोला: मग किमान वेतन, पीएफ आणि ओव्हरटाइमचा दर विचारा. नुसतं ‘ट्रेनी’ म्हटल्याने पीएफ माफ होत नाही, ही सूट कायद्याखालच्या शिकाऊ उमेदवारांना आणि कारखान्याच्या स्थायी आदेशांत, म्हणजे मंजूर सेवानियमांत, बसणाऱ्या प्रशिक्षणार्थींना आहे. प्रशिक्षणासाठी तुमच्याकडूनच डिपॉझिट मागितलं तर चहा पिऊन घरी या.

आत गेल्यावर रोज काय काम केलं ते वहीत लिहा, सुपरवायझरची सही घ्या. कंटाळा येतो, पण वाद झाला तर तीच वही उपयोगी पडते. वाद शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे जातो. जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये ‘बीटीआरआय’चं (शिकाऊ उमेदवारांचं काम बघणारं) ऑफिस कुठे असं विचारा, माणूस तिथे भेटतो. दोन खोके उचलायला सांगितले म्हणून लगेच तिकडे पळू नका. साफसफाई, उचलठेव हाही शॉपचा भाग आहे. तिसऱ्या महिन्यातही फक्त तेच चालू असेल तेव्हा जा.

भाच्याने नंतर एसटीच्या कार्यशाळेत मोटार मेकॅनिकसाठी अर्ज केला होता, तिथे ट्रेड जुळला नाही. मग रांजणगावच्या एका मध्यम कारखान्यात फिटर म्हणून बोलावणं आलं, विद्यावेतन आधीच्या बाराच्या मानाने बरंच कमी. मुलाखतीत त्याने विचारलं, “सर, करार पोर्टलवर कधी नोंदवणार?” समोरच्या बाईंनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं, म्हणाल्या, “जॉइन झाल्यावर त्याच आठवड्यात. कोणी सांगितलं रे तुला हे?”

या वेळी ताईने पेढ्यांचं विचारलं तेव्हा मी म्हटलं, करार नंबर येऊ दे. नवव्या दिवशी आला.